प्रमाण कोणते मानावे? : नेमोची दोन चरित्रे आणि वाचकांचा संगतिशोध

१. प्रास्ताविक

जबलपुरातील राणीताल, चेरीताल आणि आधारताल ही आज वस्त्यांची नावे आहेत. ती तलावांवरून आली आणि त्या तलावांविषयी एक लोककथा गावात सांगितली जाते. गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीने तलाव बांधविला तो राणीताल, तिच्या दासीने, म्हणजे ‘चेरी’ने, बांधविला तो चेरीताल, दिवाण आधारसिंहाने बांधविला तो आधारताल. राणी दुर्गावतीला १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना मरण आले, ही इतिहासाची नोंद आहे. दासीच्या तलावाची कथा मात्र सांगणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी टिकविली. मुख्य कथेत जिला जागा नव्हती तिला त्यांनी जागा दिली, आणि तीही अशी, की राणीच्या कथेला कोठे बाध येऊ नये.

मुख्य कथेत जे सांगितले गेले नाही ते भरून काढणे, आणि भरलेले मूळ कथेशी जुळते की नाही हे पारखणे, हे कार्य आधुनिक काळात विज्ञानकथांच्या दीर्घ मालिकांचे वाचक आणि प्रेक्षक अतिशय चिकाटीने करीत आले आहेत. कोणती घटना ‘खरी’ घडली, कोणता ग्रंथ मालिकेत धरावयाचा, दोन भागांतील विसंगतीचे काय करावयाचे, या प्रश्नांवर त्यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालतात. बाहेरून पाहणाऱ्यास हे वाद रिकामटेकडे वाटतात. प्रस्तुत लेखात अशा एकाच वादाचा, म्हणजे ज्यूल्स व्हर्नच्या कॅप्टन नेमोविषयीच्या वादाचा, सविस्तर विचार केला आहे. नेमोची निवड करण्यास दोन कारणे आहेत. विज्ञानकथेतील पूर्वापरसंगतीच्या प्रश्नाचे ते एक आद्य आणि अत्यंत स्वच्छ उदाहरण आहे. दुसरे असे की, व्हर्नच्या एका ग्रंथानुसार नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र आहे. आणि जबलपूरच्या उत्तरेस दमोह-सागरपासून सुरू होणारा तो प्रदेश मराठी वाचकाला परका नाही.

२. संज्ञांविषयी

या चर्चेत दोन संज्ञा वारंवार येतात. मालिकेतील ज्या ग्रंथांना किंवा भागांना अधिकृत मानले जाते त्यांच्या समुच्चयास ‘कॅनन’ म्हणतात. येथे त्यासाठी ‘प्रमाणसंहिता’ हा शब्द योजला आहे. त्या समुच्चयातील घटना, तिथी, वये व स्वभाव यांचा परस्परांशी मेळ असणे म्हणजे ‘पूर्वापरसंगती’. नंतरच्या ग्रंथाने आधीच्या ग्रंथातील गोष्टीला नवा अर्थ देऊन मेळ घालणे, यास आपण ‘उत्तरसंगती’ म्हणू.

‘कॅनन’ हा शब्द मुळात ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या निर्णयातला आहे. तो ललित साहित्याच्या वाचकांकडे आला यात शेरलॉक होम्सच्या चाहत्यांचा मोठा वाटा आहे. रोनाल्ड नॉक्स या धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने १९११ मध्ये होम्सकथांवर एक निबंध वाचला. बायबलची चिकित्सा करणारे पंडित ज्या पद्धतीने कर्तृत्व, कालक्रम आणि प्रक्षेप यांचा ऊहापोह करीत, तीच पद्धत त्याने थट्टेने होम्सकथांना लावली. थट्टा मागे पडली आणि पद्धत राहिली. डॉयलच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन कथा ही होम्सची प्रमाणसंहिता ठरली. डॉक्टर वॉटसनची युद्धातील जखम एका ठिकाणी खांद्याला आणि दुसऱ्या ठिकाणी पायाला कशी, यावर गंभीर मुद्रेने लेख लिहिले गेले.

विज्ञानकथांच्या दृक्‌श्राव्य मालिकांत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला, कारण तेथे लेखक अनेक आणि मालक एक. ‘स्टार ट्रेक’मधील क्लिंगॉन लोकांचे कपाळ १९६६ साली सुरू झालेल्या मूळ मालिकेत माणसासारखे होते, १९७९ च्या चित्रपटापासून ते खडबडीत झाले. रंगभूषेचा खर्च आणि कौशल्य वाढले, हे याचे व्यावहारिक कारण. प्रेक्षकांना मात्र कथेच्या आतले कारण हवे होते, आणि २००५ मध्ये ‘एंटरप्राइज’ या मालिकेच्या दोन भागांत ते जनुकीय प्रयोगाच्या रूपाने पुरविण्यात आले. ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत २०१४ मध्ये मालक कंपनीने चित्रपटांबाहेरच्या बहुतेक कादंबऱ्या व चित्रकथा एका निवेदनाने प्रमाणसंहितेबाहेर काढल्या आणि त्यांना ‘दंतकथा’ असे नाव दिले. उलट १९६३ पासूनच्या ‘डॉक्टर हू’साठी अशी अधिकृत सीमा आखली गेलेली नाही, तेथे प्रत्येक पिढीचे चाहते आपापली सीमा आखतात.

या तीन उदाहरणांत तीन निरनिराळे अधिकारी दिसतात : नंतरचा लेखक, मालक आणि वाचक-प्रेक्षकांचा समूह. नेमोच्या प्रकरणात हे तिघेही आहेत. शिवाय आणखी एक अधिकारी आहे, त्याचा विचार पुढे येईल.

३. नेमोची कालगणना

व्हर्नच्या ‘असाधारण प्रवास’ या मालिकेचा आरंभ १८६३ मध्ये झाला आणि १९०५ मध्ये लेखकाच्या मृत्यूपर्यंत तीत पन्नासहून अधिक कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. त्यांतील बहुतेक स्वतंत्र आहेत. तीन मात्र परस्परांशी जोडल्या गेल्या : ‘कॅप्टन ग्रँटची मुले’, ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ आणि ‘गूढ बेट’. पहिल्या दोन लिहिताना तिसरीची योजना नव्हती. तिसरीने मागे वळून त्या दोहोंना एका सूत्रात ओवले, आणि तेथेच गाठ पडली.

‘समुद्राखाली वीस हजार लीग’ ही कादंबरी १८६९-७० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील प्राध्यापक आरोनाक्स नोव्हेंबर १८६७ मध्ये नॉटिलस या पाणबुडीवर बंदी होतो आणि जून १८६८ च्या सुमारास निसटतो. ‘गूढ बेट’ १८७४-७५ मध्ये आली. अमेरिकन यादवी युद्धात रिचमंड शहरातून बलूनमधून निसटलेले पाच जण मार्च १८६५ मध्ये एका निर्जन बेटावर पडतात, आणि अखेरीस त्यांना बेटाखालच्या गुहेत वृद्ध नेमो भेटतो. नेमो ऑक्टोबर १८६८ मध्ये मरतो. म्हणजे पहिल्या ग्रंथानुसार जो माणूस जूनमध्ये धडधाकट होता आणि ज्याच्याजवळ खलाशांचा संपूर्ण ताफा होता, तो दुसऱ्या ग्रंथानुसार चारच महिन्यांनी, सर्व सोबती केव्हाच गमावलेला वृद्ध म्हणून मरण पावतो.

विसंगती येथेच थांबत नाही. बेटावरचा सायरस स्मिथ नेमोला ओळखतो, कारण त्याने आरोनाक्सचे पुस्तक वाचले आहे. आणि तो तर मार्च १८६५ पासून बेटावर आहे. त्या संभाषणात आरोनाक्सची घटना सोळा वर्षांपूर्वीची म्हणून सांगितली जाते. १८६८ मधून सोळा वजा केल्यास १८५२ हे वर्ष येते. परंतु त्याच ‘गूढ बेटा’त नेमो स्वतः सांगतो की नॉटिलस बांधली गेली ती १८५७ चा उठाव मोडला गेल्यानंतर. तो दहाव्या वर्षी युरोपला गेला, तिसाव्या वर्षापर्यंत तेथे राहिला आणि १८४९ मध्ये परतला, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे त्याचा जन्म सुमारे १८१९ चा. तरीही सोबती गमावून एकटा उरला तेव्हा तो साठ वर्षांचा होता, असे निवेदन आहे. या हिशेबाने तो स्वतःच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी साठीला पोहोचतो.

‘कॅप्टन ग्रँटची मुले’ या कादंबरीतील एर्टन या खलनायकाची गोष्टही अशीच आहे. मूळ कथा १८६४-६५ मधली. ‘गूढ बेटा’त एर्टनने टेबर बेटावर बारा वर्षे काढलेली दिसतात. तेथे मूळ कथाच दहा वर्षे मागे सरकविली आहे. ही घसरण प्रकाशकाच्या ध्यानात आली होती. ‘गूढ बेटा’त तळटीप देऊन वाचकांना सांगण्यात आले की तिथींत त्यांना काही तफावत आढळेल, परंतु खऱ्या तिथी आधी का देता आल्या नाहीत हे पुढे कळेल. पुढे नेमोच्या प्रकरणी आणखी एक टीप येते आणि ती या आधीच्या टीपेकडेच बोट दाखविते. आश्वासन आश्वासनावर टेकले आहे. खुलासा कोठेच नाही.

मग नेमोची कथाही एर्टनप्रमाणे मागे सरकविता येईल काय? वाचकांनी हा उपाय करून पाहिला आणि तो फसतो. पहिल्या ग्रंथात नॉटिलसवरील प्रवासी अटलांटिकच्या तळाशी टाकलेली तारायंत्राची केबल पाहतात, आणि ती कायमची कार्यान्वित झाली १८६६ मध्ये. नेमो क्रीट बेटावरील बंडखोरांना सोने पाठवितो, आणि तो उठावही १८६६ मधलाच. ही कथा आपल्या काळाला इतक्या खिळ्यांनी ठोकलेली आहे, की तिला हलविल्यास ती फाटते.

४. पोलंड की बुंदेलखंड?

तिथींचा वाद हा कोड्याचा आनंद देतो. नेमो कोण होता, हा वाद मात्र त्याहून खोल जातो.

‘गूढ बेटा’चे उत्तर निःसंदिग्ध आहे. नेमो म्हणजे राजपुत्र डक्कर. बुंदेलखंडच्या एका स्वतंत्र राजाचा पुत्र आणि टिपू सुलतानाचा नातलग. १८५७ च्या उठावात तो पुढारी होता, त्याची पत्नी व दोन मुले त्यात मारली गेली आणि त्याने पृथ्वीवरील राज्यांशी संबंध तोडला. परंतु व्हर्न आणि त्याचा प्रकाशक एत्झेल यांच्या १८६९ मधील पत्रव्यवहारावरून निराळीच गोष्ट दिसते. व्हर्नच्या मनातला नेमो पोलिश उमराव होता. रशियाविरुद्धच्या १८६३ च्या पोलिश उठावानंतर त्याच्या कुटुंबाचा विध्वंस झाला होता आणि तो बुडवीत असलेली जहाजे रशियन असावयाची होती. एत्झेलने हरकत घेतली. रशियात व्हर्नची पुस्तके खपत होती. नेमोला गुलामांच्या व्यापाराचा शत्रू करावे ही प्रकाशकाची सूचना व्हर्नने मानली नाही. तडजोड म्हणून नेमोचे राष्ट्र आणि त्याचा शत्रू ही दोन्ही अनाम राहिली. ज्याच्या नावाचा अर्थच ‘कोणीही नाही’ असा आहे, त्याचे चरित्र अशा रीतीने कोरे ठेवले गेले.

पहिल्या ग्रंथातील पुरावाही दोन्ही बाजूंनी बोलतो. नेमोच्या खोलीत मुक्तिसंग्रामांच्या वीरांची चित्रे आहेत. त्यांत पोलंडचा कोशचुश्को आहे, ग्रीसचा बोत्सारिस आहे, आयर्लंडचा ओ’कॉनेल आहे, वॉशिंग्टन, लिंकन आणि जॉन ब्राउन आहेत. भारतीय एकही नाही. पोलिश पक्षाचा हा हुकमी पुरावा. दुसऱ्या बाजूस, मन्नारच्या आखातात नेमो एका गरीब भारतीय पाणबुड्याला शार्कपासून वाचवितो, त्याला मोत्यांची थैली देतो, आणि हा माणूस पीडितांच्या देशाचा आहे व आपणही अखेरपर्यंत त्याच देशाचे आहोत, अशा आशयाचे बोलतो. हे वाक्य देशबांधवाचे की सर्व पीडितांच्या कैवाऱ्याचे, हे त्या ग्रंथापुरते ठरविता येत नाही. शेवटी नेमो एका तरुण स्त्रीच्या आणि दोन मुलांच्या चित्रापुढे गुडघे टेकतो. ‘गूढ बेटा’तील डक्करच्या कुटुंबाशी हे जुळते.

येथे प्रमाणाचा प्रश्न नेमका उभा राहतो. लेखकाचा मूळ हेतू प्रमाण मानला तर नेमो पोलिश. छापून प्रसिद्ध झालेला उत्तरग्रंथ प्रमाण मानला तर नेमो भारतीय. पहिलाच ग्रंथ स्वयंपूर्ण मानला तर नेमोला देश नाही. तिन्ही भूमिकांना तर्कशुद्ध आधार आहे, आणि त्यांपैकी एक स्वीकारताना वाचक व्हर्नविषयी जितके बोलतो तितकेच स्वतःविषयीही बोलतो. १९१६ च्या अमेरिकन मूकपटाने दोन्ही कादंबऱ्या एकत्र करून नेमोला भारतीय राजपुत्र दाखविले. १९५४ च्या डिस्नेपटाने त्याचे भारतीयत्व गाळले. फिलिप होजे फार्मरच्या १९७३ मधील कादंबरीत नेमो हा होम्सचा शत्रू मोरियार्टीच असल्याचे ‘सिद्ध’ केले आहे. तेथे डक्करचे चरित्र बनावट ठरते. अॅलन मूर आणि केव्हिन ओ’नील यांच्या १९९९ पासूनच्या चित्रकथेने नेमोला पुन्हा भारतीय केले, आणि तिच्यावरील २००३ च्या चित्रपटात ही भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली.

५. बुंदेलखंडातून पाहताना

या वादात बुंदेलखंडच्या इतिहासाशी परिचित असलेला वाचक काय भर घालू शकतो?

प्रथम नात्याचा प्रश्न. फ्रेंच मजकुरात डक्कर हा टिपूचा ‘नेव्हू’ आहे, आणि इंग्रजी शब्दही तितकाच मोघम आहे. मराठी भाषांतरकारास मोघम राहता येत नाही. त्याला ‘पुतण्या’ किंवा ‘भाचा’ यांतील एक शब्द निवडावाच लागतो. ‘पुतण्या’ म्हटले तर टिपूचा भाऊ बुंदेलखंडचा राजा असावयास हवा, आणि ते इतिहासात बसत नाही. ‘भाचा’ म्हटले तर टिपूची बहीण बुंदेलखंडात दिली होती असे मानावे लागते. हैदरअली १७८२ च्या अखेरीस वारला. म्हणून त्याची धाकटी मुलगीसुद्धा १८१९ मध्ये पस्तिशी ओलांडलेली असणार. अवघड आहे, अशक्य नाही. ‘भाचा’ हा एक शब्द लिहिताना भाषांतरकाराने नकळत उत्तरसंगती साधलेली असते.

दुसरा प्रश्न असा की, टिपूच्या घराण्याशी सोयरीक असलेला राजा बुंदेलखंडात कोठून आणावयाचा? चाहत्यांच्या पद्धतीने विचार केल्यास उत्तर हाताशी आहे. बाजीराव आणि मस्तानी यांचा पुत्र समशेरबहाद्दर १७६१ मध्ये पानिपतानंतर मरण पावला. त्याचा मुलगा अलीबहाद्दर याने बुंदेलखंडात राज्य उभारले. कालिंजरच्या वेढ्याच्या वेळी, १८०२ मध्ये, तो वारला. त्याच्या वंशातील बांद्याचा नबाब, दुसरा अलीबहाद्दर, १८५७ च्या उठावात सामील होता. बुंदेलखंड, मुसलमान राजकुळ आणि सत्तावन ही तिन्ही सूत्रे येथे एकत्र येतात. डक्कर हा बांद्याच्या घराण्यातला होता असे म्हटले तर तो पेशव्यांच्या रक्ताचा ठरतो.

हा तर्क मोहक आहे, आणि म्हणूनच त्याच्यापासून सावध राहावयास हवे. व्हर्नला बांद्याचे घराणे अभिप्रेत होते असे मानण्यास आधार नाही. युरोपीय वाचकाला ठाऊक असलेले एक शूर भारतीय नाव, म्हणजे टिपू, आणि उठावाच्या बातम्यांतून ठाऊक झालेला एक प्रदेश, म्हणजे बुंदेलखंड, त्याने जोडले, इतकेच संभवते. संगतिशोधाची शक्ती आणि त्याचा धोका एकाच ठिकाणी आहेत : पुरेशा माहितीने कोणतीही विसंगती बुजविता येते. बुजविण्याचा आनंद हा पुराव्याचा पर्याय नव्हे.

तिसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. व्हर्नने १८८० मध्ये ‘वाफेचे घर’ ही कादंबरी पूर्ण केली. तिची कथा १८६७ मधली, म्हणजे पहिल्या ग्रंथातील नेमो समुद्रात संचार करीत होता त्याच वर्षातली. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती युरोपीय प्रवाशांना घेऊन उत्तर भारतातून निघतो आणि बुंदेलखंड ओलांडून नर्मदेच्या प्रदेशाकडे येतो. येथेही विषय सत्तावनचाच. परंतु नायक आहे इंग्रज कर्नल मन्रो, आणि त्याने झाशीच्या राणीला स्वहस्ते मारल्याचे कथेत सांगितले आहे. नानासाहेब येथे सूडाने पेटलेला प्रतिनायक आहे. पाच वर्षांपूर्वी ज्या लेखकाने उठावाच्या पुढाऱ्याला आपल्या मालिकेतील सर्वांत उदात्त मृत्यू दिला, त्याच लेखकाचे हे पुस्तक आहे. चाहते तिथींची विसंगती सोडविण्यात पुष्कळ श्रम घेतात. सहानुभूतीची ही विसंगती कोणत्याही कोष्टकाने सुटत नाही. जेथे १८ सप्टेंबर १८५७ रोजी गोंड राजा शंकरशाह आणि त्यांचा पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले, त्या जबलपुरातील वाचकाला ‘गूढ बेट’ आणि ‘वाफेचे घर’ एकाच प्रमाणसंहितेत ठेवणे सोपे जाणार नाही.

६. भाषांतरकाराची कात्री

वर ज्या आणखी एका अधिकाऱ्याचा उल्लेख केला तो भाषांतरकार. भारतीय वाचकांपर्यंत व्हर्न बहुतांशी इंग्रजीतून पोहोचला, आणि ते इंग्रजी निर्दोष नव्हते. ल्युइस मर्सिएने केलेल्या ‘समुद्राखाली वीस हजार लीग’च्या १८७० च्या दशकातील भाषांतरात मूळ ग्रंथाचा पाचवा हिस्सा तरी गाळला गेला, आणि त्यात राजकीय मजकूरही गेला. ‘गूढ बेटा’चे १८७५ चे इंग्रजी भाषांतर डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांच्या नावाने निघाले. प्रत्यक्षात ते त्यांच्या पत्नी अॅग्नेस किंग्स्टन यांचे होते. त्यात डक्करच्या चरित्राचा इंग्रजी राज्याविषयीचा कठोर सूर बदलण्यात आला. मूळ फ्रेंचमध्ये उठावाच्या पराभवाची नोंद बळापुढे न्याय हरला अशा अर्थाने येते. इंग्रजीत त्या न्यायाचा उल्लेखच राहिला नाही.

याचा परिणाम असा झाला, की ज्या ग्रंथाने नेमोला भारतीय केले त्याच ग्रंथाच्या सर्वाधिक प्रसार झालेल्या इंग्रजी रूपात त्या भारतीयाची तक्रार सौम्य झाली होती. मूळ फ्रेंच न वाचता या वादात उतरणारा वाचक, कोणत्याही पक्षाचा असो, अपुऱ्या पुराव्यावर लढत असतो. पुढे अधिक निष्ठेने केलेली इंग्रजी भाषांतरे आली. परंतु जुनी भाषांतरे स्वामित्वहक्क संपल्यामुळे स्वस्तात पुनःपुन्हा छापली गेली. मराठीत भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी व्हर्नला बालकुमारांच्या घरात आणले, आणि अनेक पिढ्यांचा ‘प्रमाण’ व्हर्न हा त्यांचाच व्हर्न आहे. अशा वाचकाला मूळ फ्रेंच ग्रंथच परका वाटला तर नवल नाही.

सत्तावनविषयीच्या मराठी लेखनातही अशीच घटना आढळते. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला तो भाषेत व रचनेत फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून द. वा. पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. मधल्या सुमारे साठ वर्षांत मराठी वाचकांनी झाशीचा वेढा पाहिला तो वैद्यांच्या आवृत्तीतून. नंतरची आवृत्ती अधिक प्रामाणिक आहे; पण वैद्यांच्या आवृत्तीने घडविलेला वाचकही इतिहासाचाच भाग आहे.

७. ‘वासना’ आणि ‘प्रक्षिप्त’

अशा परिस्थितीत प्रमाण कसे ठरवावे? मराठी ग्रंथपरंपरेत दोन जुने आदर्श आहेत, आणि तौलनिक अभ्यासात त्यांचा उपयोग होण्यासारखा आहे.

पहिला एकनाथांचा. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये असा तिखट इशारा दिला. येथे प्रमाणसंहिता म्हणजे राखलेली सीमा. सीमेबाहेरचे ते ‘प्रक्षिप्त’. ‘स्टार वॉर्स’च्या मालकांनी २०१४ मध्ये केले ते याच जातीचे कृत्य होय, फरक इतकाच की एकनाथांचा अधिकार भक्तीने आणि विद्वत्तेने आला होता, कंपनीचा मालकीने.

दुसरा आदर्श महानुभावांचा. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे मूळ पोथी परचक्रात हरपली आणि अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा उभारली. साहजिकच पाठ अनेक झाले. तेव्हा ज्यांच्या स्मरणात एखादी लीळा निराळी होती त्यांचे म्हणणे त्यांच्या नावानिशी ‘वासना’ म्हणून नोंदविले गेले. अमक्याची वासना अशी, तमक्याची अशी. दोन्ही पोथीत राहिल्या. चक्रधरांचे शब्द ज्यांना साक्षात प्रमाण होते, त्यांनीच त्या शब्दांच्या स्मरणातील भेद झाकले नाहीत. श्रद्धा आणि पाठभेद यांत विरोध त्यांना दिसला नाही.

नेमोच्या वादाला हा दुसरा आदर्श अधिक मानवतो. पोलिश नेमो ही व्हर्नच्या पत्रांची वासना, डक्कर ही ‘गूढ बेटा’ची, कोणीही नसलेला नेमो ही पहिल्या ग्रंथाची, आणि सौम्य झालेला डक्कर ही किंग्स्टनबाईंची. प्रत्येक वासना कोणाची, केव्हाची आणि कोणत्या दडपणाखाली आली, हे नावानिशी नोंदविणे हे अभ्यासकाचे काम आहे. त्यांतील एक निवडून इतर पुसणे हे नव्हे.

मराठीच्या स्वतःच्या मालिकांनाही हे लागू पडते. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश, पुस्तकामागून पुस्तकात शाळकरीच राहिला. भोवतालचा काळ मात्र पुढे सरकत गेला. २०१७ च्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला आलेला तरुण झाला, आणि खुद्द भागवत हे त्याच कथेतील एक पात्र म्हणून अवतरले. ही भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली. लेखक कथेत शिरल्यावर त्याचा अधिकार कथेबाहेरचा राहतो काय, हा प्रश्न आता केवळ परक्या मालिकांचा राहिलेला नाही.

८. समारोप

चाहत्यांच्या वादांना पांडित्याची नक्कल म्हणून बाजूस सारण्याची प्रथा आहे. नेमोच्या प्रकरणावरून दिसते ते असे की कालक्रम, कर्तृत्व, पाठभेद आणि प्रक्षेप हे पाठचिकित्सेचे प्रश्न हे वाचक स्वेच्छेने विचारतात, आणि पुष्कळदा व्यावसायिक समीक्षकांच्या आधी विचारतात. त्यांची मर्यादाही तेथेच दिसते. विसंगती ही सोडविण्यासाठीच असते असे ते गृहीत धरतात. प्रकाशकाची व्यापारी भीती, साम्राज्याची सावधगिरी आणि लेखकाचे बदललेले मन यांच्या खुणा त्या विसंगतींतच उमटलेल्या असतात, आणि मेळ घालताना सर्वांत आधी त्याच पुसल्या जातात.

म्हणून भारतीय वाचकाने डक्करला आपला म्हणावे. प्रसिद्ध ग्रंथाने त्याला तो अधिकार दिला आहे. परंतु हा डक्कर एका पोलिश उमरावाच्या रिकाम्या झालेल्या जागेवर आला, हे सांगण्यास त्याने कचरू नये. एका पीडित राष्ट्राची कथा छापता आली नाही, म्हणून ती जागा दुसऱ्या पीडित राष्ट्राला मिळाली. आणि त्याही राष्ट्राची तक्रार इंग्रजीत येताना पातळ झाली. तिथी जुळविणाऱ्या कोष्टकात हा इतिहास मावत नाही. जबलपूरच्या लोककथेने राणीचा तलाव आणि चेरीचा तलाव यांची नावे निरनिराळी ठेवली, एकात दुसरा मिसळला नाही. नेमोच्या वासनाही तशाच निरनिराळ्या नावांनी नोंदवून ठेवाव्यात, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे.